थुंकी वाचणारी बाई

माझ्या ओळखपत्रावर 'वंशावळ विश्लेषक' असं छापलेलं होतं. गावी अंजूरला माझी काकू मात्र आल्यागेल्याला सांगायची, "आमची वनिता थुंकी वाचते." मी चिडायचे. आता निवृत्त होऊन वर्ष झालं. ह्या अंकाच्या संपादकांनी "नेमकं काय काम करत होता ते साध्या शब्दांत लिहा" असं सांगितलं, आणि तासभर कागदापुढे बसून राहिल्यावरही मला काकूपेक्षा साधे शब्द सापडले नाहीत. तेव्हा हो, मी थुंकी वाचत होते.

त्याआधी वीस-बावीस वर्षं मी भिवंडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. रक्त, लघवी, साखर, मलेरिया. मग डीएनए चाचणी करणाऱ्या एका कंपनीने आमच्याच जिन्यावर, वरच्या मजल्यावर कचेरी उघडली आणि मला प्रशिक्षण देऊन तिथे बसवलं. धंदा असा की लोक हौसेने एक डबी विकत घेतात. डबीतल्या नळीत थुंकायचं, नळी बंद करून पाठवायची. महिना-दीड महिन्याने मोबाइलवर दोन गोष्टी येतात. एक, तुमचे पूर्वज कोणत्या मुलखातले. दुसरी, आमच्याकडे चाचणी केलेल्या लोकांपैकी तुमचे नातेवाईक कोण. पहिली गोष्ट वाचून लोक खूश होतात नाहीतर रुसतात. दुसरीने मात्र घरं हलतात. त्या यादीत जी नाती शंकास्पद निघायची, ती माझ्या टेबलावर यायची.

नातं मोजतात कसं ते सांगते, भिऊ नका. आपल्या प्रत्येकात डीएनएचे दोन पदर असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. दोन माणसांमधले किती लांबीचे तुकडे तंतोतंत सारखे आहेत हे यंत्र मोजतं. त्या लांबीला सेंटीमॉर्गन म्हणतात. भिवंडीत कापड मीटरवर मोजतात, आम्ही नातं सेंटीमॉर्गनवर मोजायचो, एवढाच फरक. सख्ख्या भावंडांत साधारण निम्मा माल सारखा असतो. आई किंवा वडील यांपैकी एकच समान असलेल्या सावत्र भावंडांत पाव. मामे, आते, चुलत, मावस भावंडांत त्याच्याही निम्मा, म्हणजे आठवा हिस्सा. पण यंत्राला फक्त लांबी कळते. पाव हिस्सा सावत्र बहिणीचा, तसाच आजी आणि नातवाचा, तसाच मावशी आणि भाच्याचा. कोण कोणाचं कोण, हे वयं बघून, घरची माहिती विचारून माणसाने ठरवायचं असतं. ते माणूस मी होते.

लहानसहान तुकडे निव्वळ योगायोगानेही जुळतात. आमच्या एका लूमवाल्याला पोर्तुगालमधल्या कुणा बाईशी इवलासा तुकडा जुळलेला दिसला. मी परोपरीने सांगितलं की ह्याला नातं म्हणत नाहीत, हे धुळीत दिसलेलं चित्र आहे. त्याने ऐकलं, मान डोलावली, आणि जाऊन त्या बाईला ईदच्या शुभेच्छा पाठवल्या. तिने उलट नाताळच्या पाठवल्या. अजून चालू आहे त्यांचं. मी कोण मोडता घालणारी?

आणि अंबाडीच्या पुढे डोंगरातल्या पाड्यावरचे ते गुरुजी. त्यांनी हौसेने पाड्यातल्या पाच माणसांची चाचणी करून घेतली. यादीत पाचही जण एकमेकांची जवळची चुलत भावंडं! खरी गोष्ट अशी, की दोन-चार पाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं झाली की प्रत्येक पूर्वजाकडून थोडेथोडे तुकडे येतात आणि सगळे मिळून आकडा फुगतो. यंत्र फसतं. मी गुरुजींना कागदावर आकृत्या काढून अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, म्हंजे आमी समदी एकमेकांची हाव, ह्येच ना? त्ये तर आमच्या आयेलाबी ठाव हाय."

तर हा फुगलेला आकडा ओळखणं, ही आमची खरी विद्या. फुगलेल्या आकड्यात बारीक तुकड्यांचा भरणा असतो. खऱ्या जवळच्या नात्यात मोठमोठे, अखंड तुकडे असतात. ते एका नजरेत ओळखायची मला इतकी सवय झाली होती, की ठाण्याच्या मुख्य कचेरीतली शिकलेली पोरंही अडलं की मला फोन करायची. ह्याचा मला गर्व होता. उगाच विनय कशाला दाखवू? होता.

त्या गर्वाने मी एका मेलेल्या माणसाला बदनाम केलं. तेच सांगायला बसले आहे.

इम्रानभाई म्हणजे चाळिशीचे, पॉवरलूमवाले, कोकणी मुसलमान घरातले. त्यांचे अब्बा आयुष्यभर सांगत आले की आपले वाडवडील अरबस्तानातून गलबतात बसून कोकणात उतरले. अब्बा वारले, आणि त्यांची ती गोष्ट खरी करून दाखवायची म्हणून इम्रानभाईंनी दोन डब्या घेतल्या. एक स्वतःसाठी, दुसरी शबानासाठी. शबाना ही त्यांच्या मामाची मुलगी, खारबावची. इम्रानभाईंना सख्खी बहीण नाही. लहानपणापासून शबानाच बहीण. तिच्याशिवाय त्यांच्या घरात सण झाला नाही की भांडण झालं नाही.

मुलखाचा अहवाल आधी आला. जवळजवळ सगळं कोकणपट्टीचं, अरबस्तान चिमूटभर. इम्रानभाई कचेरीत येऊन पोट धरून हसले. म्हणाले, "मॅडम, अब्बा असते ना, तर बोलले असते, लॅब बदल." बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले. दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाज झाली की ते अब्बांच्या कबरीवर जाऊन मगच घरी जेवायला जात, हे त्यांनीच मला त्या दिवशी सांगितलं.

दोन दिवसांनी नातेवाइकांची यादी आली आणि त्यांचा फोन आला. मी डबा उघडून बसले होते.

"मॅडम, शबानाच्या नावापुढे सावत्र बहीण असं येतंय. मशीन की गलती आहे ना?"

मी एका हाताने फाइल उघडली. जवळजवळ पाव हिस्सा. मोठे, अखंड तुकडे. फुगवटा नाही.

"शबाना तुमची कोण?" मी विचारलं.

"मामेबहीण."

"मामेबहिणीचा आकडा एवढा नसतो, इम्रानभाई. हा दुप्पट आहे. हा सावत्र बहिणीचाच आकडा आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्हा दोघांचे वडील एक, नाहीतर आई एक."

मग "थँक यू मॅडम" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी पोळीचा घास घेतला. दोन मिनिटांत उत्तर दिलं ह्याचं मला त्या क्षणी बरंच वाटलं, हे लिहिताना आजही लाज वाटते. शबानाची आई म्हणजे त्यांची मामी. आई एक असणं शक्य नव्हतं. मग उरलं काय? अब्बा आणि मामी. हे इम्रानभाईंनी फोन ठेवेपर्यंत जुळवलं असणार. मला ते सुचलंसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी एक वयस्कर बाई जिना चढून आल्या. गुडघे दुखत असावेत, कारण टेबलापर्यंत येऊन त्यांनी आधी खुर्ची धरली, मग श्वास धरला, मग माझ्याकडे पाहिलं.

"मी इम्रानची अम्मी. खैरून. तूच बोललीस ना माझ्या पोराला?"

त्यांना 'खाला', म्हणजे मावशी, म्हणत मी नियम सांगितला. एकाचा अहवाल दुसऱ्याला सांगता येत नाही.

"नको सांगू. मीच सांगते तुला." त्या बसल्या. "तीन आठवडं झालं, पोरगा माझ्याशी धड बोलत न्हाय. माझी वहिनी राबिया, शबानाची आई, तिला घरात पाय ठेवू नको बोलला. शबाना पन आईकडं बघत न्हाय म्हनं, तिच्या मोबाइलवर पन तेच आलंय. आनि जुम्म्याला बापाच्या कबरीवर जायाचा, पाऊस असो, ताप असो. आता जात न्हाय. इचारलं तर बोलतो, ज्या मानसानं मामीला सोडलं न्हाय, त्याच्यासाठी मी दुवा मागू?"

मी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"जिता असता तर जबाब दिला असता त्यानं," त्या म्हणाल्या. "मेलेला मानूस कुठून येनार जबाब द्यायला?"

मी तेच म्हटलं जे माझ्यासारखी माणसं अशा वेळी म्हणतात. "खाला, आकडा खोटा नसतो."

"नसल. आकडा खोटा नसल. पन तुला पुरता वाचता आला का, ते बोल."

असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मला राग आला. आणि त्या रागातच, माझं काम मी पूर्ण करते हे दाखवायला म्हणून, जो प्रश्न मी फोनवरच विचारायला हवा होता तो विचारला. "तुमच्या माहेरच्या आणि सासरच्या घरात आणखी काही नातं आहे का?"

खैरूनखालांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "माझं लगीन साट्यालोट्याचं."

साटंलोटं म्हणजे काय हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. ह्या घरची मुलगी त्या घरात द्यायची, त्या घरची मुलगी ह्या घरात आणायची. खैरूनखालांना इम्रानभाईंच्या अब्बांना दिलं, आणि त्या अब्बांची बहीण खैरूनखालांच्या भावाला केली. अशा दोन जोडप्यांची मुलं एकमेकांची मामेभावंडंही असतात आणि आतेभावंडंही. आईकडून आठवा हिस्सा, वडिलांकडून आठवा हिस्सा. दोन आठवे मिळून पाव. अगदी सावत्र भावंडांइतका, आणि तुकडेही तसेच मोठे, अखंड.

मी कपाळावर हात मारून घेतला. मनातल्या मनात नाही, खरोखर. मी ह्या तालुक्यात जन्मले, माझ्या सख्ख्या आत्याचं लग्न साट्यात झालेलं, आणि मला हे ठाण्याच्या पोरांइतकंही सुचू नये! मी नातं विचारलं, त्यांनी एक सांगितलं, मी एकच लिहून घेतलं.

"म्हणजे राबियाखाला तुमच्या नवऱ्याची बहीण ना? मग झालं तर! आत्ताच्या आत्ता इम्रानभाईंना फोन लावते." माझा हात फोनवर गेलासुद्धा.

त्यांनी माझं मनगट धरलं. "राबिया न्हाय. त्यांची बहीण हमीदा."

मग जे त्यांनी सांगितलं ते मी शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"हमीदा बाळंतपनात गेली. शबाना मागं ऱ्हायली, हातभर पोर. इम्रान तवा रांगत होता. त्याला एवढंच ठाव, एक फुफी, बापाची बहीण, जवान असताना वारली. तिचं लगीन कुठं झालेलं, कोनी सांगितलं न्हाय, त्यानं इचारलं न्हाय. आनि खारबावात आमच्या शेजारी राबिया होती. नवरा आधीच वारलेला, आनि आठ दिवसांचं बाळ पन गेलेलं. तिला दूध येत होतं, पिनारं न्हवतं. तिनं शबानाला पदराखाली घेतली. पुढं माझ्या भावाशी तिचा निकाह झाला. तिनं सगळ्यांकडून एकच कबूल करून घेतलं, पोरीला कळू द्यायचं न्हाय. आमच्यात दुधाची आई पन आईच गो. पन तिला भ्या वाटायचं. आता माझा भाऊ न्हाय, म्हातारी मानसं न्हाईत. मी आनि राबिया, दोघीच जाननाऱ्या. आनि आता तू."

त्या बसलेल्या असतानाच मी दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या. खात्री करायची एक सोय असते. वडील एक असतील, तर दोघांचा दोन पदरांपैकी फक्त वडिलांकडचाच पदर जुळतो. साट्यालोट्याच्या मुलांत काही काही ठिकाणी दोन्ही पदर एकदम जुळलेले सापडतात, कारण नातं दोन्हीकडून आलेलं असतं. मी शोधलं. सापडले. एक ठिकाण, दुसरं, पाचवं. तीन आठवड्यांपूर्वी डबा बाजूला ठेवून दहा मिनिटं पाहिलं असतं तरी सापडले असते.

"खाला, तुमचे मालक निर्दोष आहेत. माझ्यासमोर लिहिलेलं आहे."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, बहुतेक काही पुटपुटल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "आता इम्रानला सांगायचं तर?"

"तर हमीदाचं नाव घ्यावं लागेल. त्याशिवाय आकड्याचा उलगडा होत नाही. आणि शबानाला कळल्याशिवाय राहणार नाही."

एवढं होतं ते. एका बाजूला कबरीतल्या माणसाचं नाव, मुलगा आणि आई. दुसऱ्या बाजूला खारबावची एक बाई, जिने जन्म दिला नव्हता आणि बाकी सगळं दिलं होतं. मधे माझी फाइल. मला वाटलं, ह्या आता म्हणतील, सांग. मी त्यांच्या जागी असते तर म्हणाले असते. नवऱ्याच्या अब्रूचा प्रश्न होता, मुलगा हातचा जात होता.

त्या उठल्या. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "माझा मालक अल्लाकडं हाय, तिथं कोनी थुंकी तपासत न्हाय. राबिया जिती हाय, तिला इथं ऱ्हायचंय." जिन्यापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मशीनला इचारलंस, पोराला इचारलंस. एकदा मला इचारलं असतंस, तर मी तवाच काय ते बघितलं असतं."

मी जागेवर बसून रडले. बावीस वर्षं लॅबमध्ये काय काय अहवाल हातात दिले होते, कधी रडले नव्हते.

त्या दिवसापासून माझ्या फॉर्मवर, कंपनीने छापलेल्या रकान्यांच्या खाली, मी पेनाने दोन प्रश्न लिहायला लागले. घरात कोणाचं लग्न साट्यालोट्याचं आहे का? घरातल्या कोणाला दुसऱ्या बाईने पाजलं, वाढवलं आहे का? मुख्य कचेरीतून विचारणा झाली की हे काय? मी कळवलं, एकदा भिवंडीत येऊन बसा, मग कळेल.

खैरूनखाला येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इम्रानभाईंना फोन केला. खैरूनखालांचं गुपित राखून जेवढं सांगता येईल तेवढं सांगायचं ठरवलं होतं. "माझी चूक झाली. आकड्याचा दुसरा अर्थ निघतो. तुमच्या अब्बांवर शंका घेऊ नका."

"दुसरा अर्थ कोणता?"

"तो मला सांगता येणार नाही."

ते हसले, पण अरबस्तानावर हसले होते तसे नाही. "अम्मी आली होती ना तुमच्याकडे? मॅडम, रहने दो. तुम्ही चांगल्या आहात, अम्मी पण चांगली आहे. सगळेच चांगले आहेत." आणि फोन बंद.

अर्धं सत्य सांगितलं तर लोक ते खोटंच धरतात. त्या आठवड्यात मी रोज तीन-तीनदा ती फाइल उघडत होते आणि बंद करत होते. नियमाप्रमाणे माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी कचेरी उघडते न उघडते तोच तिघं जण आत आली. पुढे एक बारकीशी, ताठ बाई, हिरवी ओढणी घट्ट लपेटलेली. त्यांच्या मागे इम्रानभाई, तोंड फिरवून. सगळ्यांत मागे शबाना. तिला मी फक्त फाइलीत पाहिलं होतं. रंगरूप इम्रानभाईंचंच, तीच रुंद कपाळपट्टी. त्या चेहऱ्यांकडे पाहून कोणालाही शंका यावी.

"मी राबिया," त्या बाई म्हणाल्या. "ह्याला लूमवरून उचलून आनलंय, कामगारांच्या देखत. मला घरात येऊ नको बोलला, का ते बोलला न्हाय. खैरूनकडं गेले तर ती पन बोलेना. चार दिवस तिच्या दारात बसले तवा बोलली. एवढे दिवस माझ्यासाठी गप बसली ती. सोताच्या मालकाला लोकं वाईट म्हनू दे, पन राबियाला काय नको." त्या धापा टाकत होत्या. "हे मला चालनार न्हाय."

"खाला, तुम्ही आधी बसा," मी म्हटलं. "घाई करू नका. विचार करून—"

"इचार करून आलेय." त्या शबानाकडे वळल्या. माझ्यासमोर बोलायचं, की ह्या दोघांना बाहेर काढायचं, असला काही हिशेब त्यांनी केला नाही. उभ्या उभ्या म्हणाल्या, "शबाना, तुला मी जन्म दिला न्हाय. तुझी आई हमीदा. इम्रानची फुफी. तू झालीस नि ती गेली. मी तुला दूध पाजलं. तवा ह्याचा बाप तुझा मामा लागतो, बाप न्हाय. माझ्याकडं त्यानं कधी मान वर करून बघितलं पन न्हाय. बस. एवढंच हाय."

शबानाने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, खरं?"

"खरं आहे," मी म्हटलं. मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि दोन्ही पदर जुळलेली ठिकाणं दाखवली. "तुम्ही दोघं दोन्ही बाजूंनी भावंडं आहात. मामेही, आतेही. म्हणून आकडा दुप्पट आला. चूक माझी. मी विचारलं नाही."

इम्रानभाई पडद्याकडे बघत होते. त्यांना त्यातलं काही कळत असेल असं नाही, पण बघत होते. मग त्यांनी राबियाखालांच्या पायांशी बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मामी, मी अब्बांना..." राबियाखालांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "ऊठ. मला काय सांगतोस? जा, त्याला सांग." ते उठले आणि जिना उतरून गेले. जुम्म्याच्या नमाजेला अजून दोन तास होते. तेवढंही थांबले नाहीत, सरळ कबरस्तानात गेले, आणि तिथून अम्मीकडे. हे मला खैरूनखालांनी नंतर सांगितलं.

राहिल्या दोघी. शबाना भिंतीला टेकून उभी होती. राबियाखाला तिच्याकडे बघायचं टाळत होत्या. मघाचा ताठपणा कुठल्या कुठे गेला होता. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझी पन थुंकी घ्या."

"कशाला, खाला? गरज नाही त्याची."

"हाय गरज. नुसत्या माझ्या बोलन्यावर कोनी का ठेवावा इस्वास? उद्या हिच्या मनात परत यील. कागदावर येऊ दे, की ही माझी न्हाय."

काय अहवाल येईल हे मला ठाऊक होतं. त्यांनाही. 'नातं आढळलं नाही.' माझ्या हयातीत शेकडो वेळा छापलेली ओळ. मी पुन्हा नको म्हटलं, त्या हटून बसल्या. शेवटी मी डबी फोडली. सगळ्यांना विचारायचं तेच विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलंत का? अर्धा तास आधीपासून पाणीसुद्धा चालत नाही, नमुना बिघडतो."

"काल सांजेपासून काय घेतलं न्हाय," त्या म्हणाल्या.

मी नळी हातात दिली. त्यांनी ती तोंडाशी धरली. काही येईना. घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, आम्हांला ते रोजचं. "गाल आतून चोळा, खाला. चिंच आठवा, कैरी आठवा." त्यांनी डोळे मिटून, गाल चोळून, पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. नळीच्या तळाशी थेंबभर फेस. नळी जिथवर भरायची ती रेघ तर खूप वर होती. त्यांनी नळी दोन्ही हातांनी धरली.

शबाना भिंतीपासून हलली. कोपऱ्यात आमचा पाण्याचा माठ होता. तिने ग्लास धुतला, भरला आणि आईसमोर धरला.

राबियाखालांनी मान हलवली. "पानी न्हाय प्यायचं, बाय. बाई काय बोलल्या, ऐकलं न्हाईस? थुंकी बिघडंल."

"बिघडू दे," शबाना म्हणाली. तिने त्यांच्या मुठीतून नळी सोडवली, टेबलावर ठेवली आणि ग्लास त्यांच्या ओठांना लावला. "पी, अम्मी."

त्या घटाघटा पूर्ण ग्लास प्यायल्या. मी फॉर्मवर लिहिलं: नमुना घेतला नाही.